वानगी कामाची, कसोटी सचोटीची

बाजार समितीच्या आवारात धान्याचा लिलाव होतो, तेव्हा खरेदीदार एकेक पोते रिकामे करून पाहत नाही. टोकदार नळी पोत्यात खुपसली जाते, मूठभर दाणे तळहातावर येतात, बोटांनी चाळले जातात, एखादा दाताखाली फोडून पाहिला जातो आणि बोली लागते. कापडाच्या पेढीवर तुकडे चिकटवलेली वही असते. हिऱ्यांच्या दलालाजवळ घडी घातलेल्या कागदाची पुडी असते. मसाल्याच्या दुकानात चमचाभर हळद कागदावर काढून दाखवली जाते. या मूठभर, तुकडाभर, चमचाभर मालाला व्यापारी भाषेत वानगी म्हणतात. 'वानगीदाखल' हा शब्द त्यातूनच मराठीत रुळला. शितावरून भाताची परीक्षा करण्याची ही रीत जितकी जुनी, तितकाच तिच्यामागचा नियमही जुना आहे : माल वानगीसारखाच निघाला पाहिजे. वानगी एक आणि माल दुसरा, असे एकदा जरी घडले, तरी पेढीची पत जाते आणि गेलेली पत पुढील पिढीलाही सहजी परत मिळवता येत नाही.

व्यापारी घराण्यांतील मुलेमुली आज नोकरीसाठी अर्ज करतात, तेव्हा त्यांच्याकडेही नेमकी हीच वानगी मागितली जाते. अनेक अर्जांत शिक्षण आणि गुण यांच्या खाली एक रिकामी जागा असते आणि तेथे आपल्या कामाचा ऑनलाइन दुवा देण्याची सूचना असते. 'पोर्टफोलिओ' हा शब्द ऐकताच घरातील वडीलधाऱ्यांना शेअर आणि म्युच्युअल फंड आठवतात. येथे मात्र त्याचा अर्थ वेगळा आहे. उमेदवाराने प्रत्यक्ष केलेल्या कामांचे निवडक नमुने, कोणालाही आपल्या मोबाइलवर पाहता येतील अशा रीतीने मांडलेले, म्हणजे पोर्टफोलिओ. चित्रकार आणि वास्तुविशारद पूर्वी मोठी कातडी फाइल काखोटीला मारून मुलाखतीला जात. आता ती फाइल इंटरनेटवर गेली आहे आणि केवळ कलावंतांपुरती राहिलेली नाही. हिशेबनीस, संगणक कार्यक्रम लिहिणारे, भाषांतरकार, छायाचित्रकार, दागिन्यांचे आरेखन करणारे, दुकानाची मांडणी करणारे अशा अनेकांकडून तिची अपेक्षा होऊ लागली आहे.

दाखला नसलेला अनुभव

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपल्या घरांतून अनेकदा ऐकवली गेली. तरीही आज एका पेढीवर तीन भावांची कुटुंबे चालणे अवघड झाले आहे. मुली उच्च शिक्षण घेत आहेत आणि अनेक तरुणांना काही वर्षे बाहेरच्या जगात राहून मगच घरच्या धंद्यात उतरावेसे वाटते. अशा तरुणांपुढे उभी राहणारी अडचण नोकरदार कुटुंबातील मुलांना सहसा जाणवत नाही. आपल्या मुलांना अनुभव भरपूर असतो, परंतु त्याचा कागद नसतो.

दहावीच्या सुट्टीपासून गल्ल्यावर बसलेला मुलगा बावीस वर्षांचा होतो, तेव्हा मालाची आवक-जावक, उधारी वसूल करण्याची हातोटी, सणापूर्वीची खरेदी, ग्राहकाची नड ओळखणे हे सारे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. परंतु घरच्या दुकानात कोणी कोणाला नेमणूकपत्र देत नाही. पगाराची पावती नसते. अनुभवाचा दाखला वडिलांनी सही करून दिला, तर समोरची व्यक्ती तो सौजन्याने बाजूला ठेवते. बापाने मुलाची वाखाणणी करावी यात नवल ते काय? परिणामी अर्जातील 'अनुभव' या शीर्षकाखाली बिचारा 'नाही' असे लिहितो आणि सहा-सात वर्षांची मेहनत एका शब्दात पुसली जाते.

घरातील सुनेची स्थिती याहून बिकट असते. लग्नापूर्वी वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली सून दहा-बारा वर्षे दुकानाचे संगणकावरील हिशेब सांभाळते, माल पुरवणाऱ्यांशी पत्रव्यवहार करते, दिवाळीच्या भेटवस्तूंची यादी आणि जाहिरातीचा मजकूर तयार करते. मुले मोठी झाल्यावर तिला बाहेर काम करावेसे वाटले, तर तिच्या अर्जात दिसते ते केवळ बारा वर्षांचे खिंडार. ती घरी बसली नव्हती हे कुटुंबाला ठाऊक असते, पण कोणत्याही वहीत तिचे नाव नसते.

अशा उमेदवारांसाठी कामाचे नमुने हा केवळ अर्ज सजवण्याचा प्रकार नाही. ज्या श्रमांना कोणी दाखला दिला नाही, त्या श्रमांचा तोच दाखला आहे. प्रमाणपत्राला सही करणारा कोणीतरी लागतो. नमुना मात्र पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पारखता येतो, आणि म्हणून तो कोणाच्या मुलाचा वा सुनेचा आहे, हा प्रश्न मागे पडतो.

ही आत्मप्रशंसा आहे काय?

या टप्प्यावर घरातील आजोबा एक प्रश्न विचारतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. "आपल्याच कामाची जाहिरात आपणच करायची, हे आपल्या संस्कारात बसते का?" आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात नीच गोत्रकर्माच्या बंधाची कारणे सांगितली आहेत. परनिंदा, आत्मप्रशंसा, दुसऱ्याचे असलेले गुण झाकणे आणि आपल्या ठायी नसलेले गुण प्रकट करणे, अशी ती चार कारणे आहेत. विनय हा ज्या समाजाने आभ्यंतर तपांत मोजला, त्या समाजातील तरुणाला स्वतःविषयी चार शब्द लिहिताना संकोच वाटावा, हे स्वाभाविक आहे.

तथापि याच चौकटीत विवेकाची वाटही दिसते. कापड दुकानदार गाठोडे सोडून ठाण उलगडतो, तेव्हा तो आत्मप्रशंसा करीत नसतो. ग्राहकाला पोत, रंग आणि वीण पाहता यावी म्हणून तो माल पुढे ठेवतो. दोष शिरतो तो 'असे कापड त्रिभुवनात मिळणार नाही' असे म्हणताना, किंवा मिश्र धाग्याला शुद्ध रेशीम म्हणून खपवताना. कामाच्या नमुन्यांनाही हाच न्याय लागू पडतो. 'अत्यंत कल्पक', 'अष्टपैलू', 'परिपूर्णतेचा ध्यास घेतलेला' अशी विशेषणे म्हणजे आत्मप्रशंसा. 'हा तक्ता तयार केला, तो असा चालतो, त्यात हे दोन दोष राहिले' असे सांगणे म्हणजे निवेदन. म्हणूनच संकोची स्वभावाच्या उमेदवाराला पोर्टफोलिओ शोभून दिसतो. त्याला स्वतःविषयी कमी बोलावे लागते. बोलायचे ते काम बोलते.

काय दाखवावे?

पहिला नियम थोडक्याचा. जुने अनुभवी विक्रेते ग्राहकापुढे शंभर ठाण पसरत नाहीत. गरज ओळखून पाच-सहा काढतात. पोर्टफोलिओत उत्तम असे पाच ते आठ नमुने पुरेसे असतात. पाहणाऱ्याजवळ वेळ थोडा असतो आणि त्याचे मत बहुधा सर्वांत दुबळ्या नमुन्यावरून बनते. सर्वांत सरस काम आरंभी ठेवावे, त्याखालोखालचे शेवटी. ज्या पदासाठी अर्ज आहे, त्या पदाशी संबंध नसलेले काम कितीही आवडते असले तरी बाजूला काढावे.

आपल्या घरांशी निगडित तीन क्षेत्रांचा विचार केल्यास हे अधिक स्पष्ट होईल.

पहिले क्षेत्र दागिन्यांच्या आरेखनाचे. मुंबईचा झवेरी बाजार असो वा जळगावचा सराफ बाजार, तेथील घरांतील अनेक मुली आज हे शिक्षण घेतात. अशा मुलीने तयार दागिन्याची झगमगती छायाचित्रेच तेवढी मांडली, तर पाहणाऱ्याला तिचे कौशल्य कळत नाही. कारण झगमगाट सोन्याचा आणि प्रकाशाचा असतो. त्याऐवजी एकाच दागिन्याचा प्रवास दाखवावा : पहिले पेन्सिलचे रेखाटन, त्यातील बदल, संगणकावरील त्रिमिती आराखडा, मेणाचा साचा आणि अखेरीस तयार वस्तू. सोबत वजन, खड्यांची संख्या, जडणीचा प्रकार आणि कडी किंवा फासा तसाच का ठेवला, याचे कारण द्यावे. वीस ग्रॅममध्ये बसवायचा हार अठरा ग्रॅममध्ये कसा बसवला, पण हलका करताना तो कमकुवत कसा होऊ दिला नाही, हे जिला सांगता येते, तिच्याकडे पेढीचा मालक लगेच लक्ष देतो. सोन्याच्या भावाचे गणित त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

दुसरे क्षेत्र हिशेबाचे. येथे नमुने कसले दाखवायचे, असे अनेकांना वाटते. कारण खऱ्या वह्या कोणाला दाखवता येत नाहीत, आणि दाखवूही नयेत. उपाय सोपा आहे. एक काल्पनिक दुकान कल्पावे, त्याच्या वर्षभराच्या खरेदी-विक्रीच्या कल्पित नोंदी एक्सेलमध्ये तयार कराव्यात आणि त्यांवर काम करून दाखवावे. येणे रकमेची तीस, साठ आणि नव्वद दिवसांनुसार विभागणी. वर्षभर न हललेल्या मालाची यादी. खरेदी नोंदवही आणि 'जीएसटीआर-२बी' यांची जुळवणी करून न जुळणाऱ्या बिलांचा वेगळा तक्ता. रोकड कोणत्या महिन्यात आटते याचा आलेख, असे तीन-चार नमुने पुरतात. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून बिलांची जुळवणी हे प्रत्येक पेढीचे महिनोमहिन्यांचे काम झाले आहे. ते नीटनेटके करून दाखवणारा उमेदवार कोणाला नको असतो? प्रत्येक तक्त्यावर 'सर्व नोंदी काल्पनिक' असे ठळक अक्षरांत लिहावे. त्यामुळे गोपनीयताही राखली जाते आणि उमेदवाराला तिचे भान आहे, हेही कळते.

तिसरे क्षेत्र मजकूर, भाषांतर आणि छायाचित्रे यांचे. वर उल्लेखिलेल्या सुनेला आपली बारा वर्षे दाखवण्याची संधी येथे आहे. मराठी, हिंदी, गुजराती वा मारवाडी आणि इंग्रजी अशा तीन-चार भाषांत सहज वावरणे आपल्या घरांत इतके नित्याचे असते की ते कौशल्य आहे, असे कोणाला वाटतच नाही. मालाचे वर्णन, ग्राहकाच्या तक्रारीला दिलेले उत्तर, उत्सवाचे निमंत्रण यांचे मूळ आणि भाषांतर शेजारी-शेजारी ठेवले, तर भाषेवरील पकड दिसते. दुकानाच्या व्हॉट्सअॅप सूचीसाठी काढलेली छायाचित्रे असतील, तर आधीचे आणि नंतरचे अशी जोडी मांडावी आणि प्रकाश, पार्श्वभूमी, मोजमाप यांत काय बदलले ते दोन ओळींत सांगावे.

ज्यांच्याजवळ दाखवण्याजोगे काहीच नाही, त्यांनी महिनाभर वेळ काढून ते निर्माण करावे. मंदिराच्या ग्रंथालयातील पुस्तकांची संगणकीय सूची, पाठशाळेच्या मुलांसाठी तक्ते, चातुर्मासातील कार्यक्रमांचे वेळापत्रक, गोशाळेच्या जमाखर्चाचा सुटसुटीत नमुना अशी कामे संघात नेहमीच वाट पाहत असतात. विश्वस्तांची परवानगी घेऊन ती केली, तर सेवाही घडते आणि वानगीही तयार होते.

नमुन्यासोबतच्या चार ओळी

नमुना ठेवला म्हणजे काम संपले, असे नाही. प्रत्येक नमुन्याखाली चार गोष्टी थोडक्यात असाव्यात : गरज काय होती, त्यात स्वतःचा वाटा कोणता, निर्णय का घेतले आणि परिणाम काय झाला. परिणाम सांगताना विशेष सांभाळावे. 'माझ्या छायाचित्रांमुळे विक्री दुप्पट झाली' असे वाक्य मोहक असते. पण ती वाढ लग्नसराईची होती की छायाचित्रांची, हे मुलाखतीत विचारले जाते. जे मोजले असेल तेवढेच लिहावे. 'पूर्वी बिलांची जुळवणी चार दिवस चाले, आता दीड दिवसात होते' हे साधे विधान अधिक वजनदार ठरते, मात्र ते खरे असले पाहिजे.

फसलेल्या कामाचाही उल्लेख करण्यास कचरू नये. आपल्या परंपरेत याचे एक विलक्षण उदाहरण आहे. आग्र्याचे जैन व्यापारी आणि कवी बनारसीदास यांनी १६४१ मध्ये 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र लिहिले. भारतीय भाषांतील आद्य आत्मचरित्रांत त्याची गणना होते. त्यात त्यांनी व्यापारातील तोटे आणि स्वतःची भोळी चूकभूल झाकली नाही. इतकेच नव्हे, तर अखेरीस आपल्या गुणांबरोबर आपले दोषही मोजून दिले. पावणेचारशे वर्षांनंतरही त्या कथनावर वाचकांचा विश्वास बसतो, तो या प्रांजळपणामुळे. 'पहिला आराखडा फसला, कारण कडीवर भार जास्त पडत होता. दुसऱ्यात तो असा सुधारला', अशी एक ओळ उमेदवाराची शिकण्याची वृत्ती दाखवते. दहा गुळगुळीत वाक्यांना ते जमत नाही.

कोठे मांडावे?

यासाठी मोठा खर्च करण्याची गरज नाही. चित्र, आरेखन आणि छायाचित्र यांसाठी २००५ मध्ये सुरू झालेले बिहान्स हे संकेतस्थळ जगभर वापरले जाते. २०१२ पासून ते अॅडोबी कंपनीकडे आहे. संगणक कार्यक्रम लिहिणारे आपले काम गिटहबवर ठेवतात. लिंक्डइनवरील स्वतःच्या पानावर निवडक कामांचे दुवे वरच्या बाजूस लावता येतात. ज्यांना स्वतंत्र पान हवे, त्यांना गूगल साइट्सवर विनामूल्य साधे पान तयार करता येते. आरंभी एवढे पुरते. पुढे स्वतःच्या नावाचा पत्ता विकत घ्यावासा वाटला तर घ्यावा, पण तो दर वर्षी नूतनीकरण करावा लागतो, हे विसरू नये.

पान तयार झाल्यावर ते घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी मोबाइलवर, स्वतःच्या खात्यातून बाहेर पडून, उघडून पाहावे. गूगल ड्राइव्हवर ठेवलेली फाइल बंदिस्त राहते आणि पाहणाऱ्याला 'परवानगी मागा' अशी पाटी दिसते, ही नेहमी घडणारी चूक आहे. व्यस्त अधिकारी परवानगी मागत बसत नाही. पुढचा अर्ज उघडतो. छायाचित्रे फार जड असतील तर पान हळू उघडते, म्हणून ती आकाराने लहान करावीत. फाइलला स्वतःचे नाव आणि कामाचे नाव द्यावे; 'फायनल-२-नवीन' अशी नावे गबाळी दिसतात. सर्व नमुन्यांची एक पीडीएफ प्रतही जवळ ठेवावी, कारण काही कार्यालयांत बाहेरची संकेतस्थळे उघडत नाहीत. दर सहा महिन्यांनी जुने नमुने काढून नवे घालावेत. दुकानाच्या दर्शनी कपाटात गेल्या दिवाळीचा माल धूळ खात पडला असेल, तर ग्राहक आत येत नाही.

काय कधीही दाखवू नये?

व्यापारी घराण्याची खरी परीक्षा येथे आहे. पेढीचा भरवसा ज्या दोन पायांवर उभा असतो, त्यांतील एक म्हणजे चोख माप आणि दुसरा म्हणजे मिटलेले तोंड. ग्राहकाने कोणता दागिना किती रकमेला घडवला, कोणाची उधारी किती दिवस थकली, कोणत्या गावाहून कोणत्या भावाने माल येतो, या गोष्टी पेढीबाहेर जात नाहीत. सत्याणुव्रताच्या अतिचारांत खोटे लेख तयार करणे, ज्याला कूटलेखक्रिया म्हणतात, आणि दुसऱ्याचे गुपित उघड करणे, ज्याला साकारमंत्रभेद म्हणतात, हे दोन्ही मोजले आहेत. खोटे सांगणे जसा दोष, तसा विश्वासाने सांगितलेले उघड करणे हाही दोष. पोर्टफोलिओ मांडताना हे दोन्ही अतिचार अगदी जवळ येऊन उभे राहतात.

म्हणून ग्राहकांची नावे, भ्रमणध्वनी क्रमांक, पॅन, आधार, बँक खाते आणि बिलावरील जीएसटी क्रमांक कोणत्याही चित्रात राहू नयेत. त्यांवर काळी पट्टी ओढण्याऐवजी नमुनाच नव्याने कल्पित नोंदींवर तयार करणे अधिक सुरक्षित. वधूसाठी घडवलेल्या हाराचे चित्र तिच्या संमतीवाचून, आणि लग्नापूर्वी तर मुळीच, मांडू नये. आर्टिकलशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांनी विशेष जपावे. सनदी लेखापाल अधिनियम, १९४९च्या दुसऱ्या अनुसूचीनुसार, व्यवसाय करणाऱ्या लेखापालाने ग्राहकाच्या संमतीविना आणि कायद्याची गरज नसताना कामात मिळालेली माहिती उघड करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. ज्या कार्यालयात शिकायचे, त्या कार्यालयाच्या फाइलींचे चित्र इंटरनेटवर टाकणे म्हणजे मार्गदर्शकालाच अडचणीत आणणे होय.

पूर्वीच्या नोकरीत केलेल्या कामाबाबतही एक गैरसमज आढळतो. 'मी केले, म्हणजे माझे', असे तरुणांना वाटते. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७च्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात निर्माण केलेल्या कामाचा पहिला हक्कदार सामान्यतः मालक असतो. कलम ५७ निर्मात्याला कर्तृत्व सांगण्याचा अधिकार देते, पण ते काम सर्वांपुढे मांडण्याची मुभा त्यातून आपोआप मिळत नाही. नोकरी सोडताना लेखी परवानगी मागावी. ती न मिळाल्यास कामाचे चित्र न देता केवळ शब्दांत वर्णन करावे. एखाद्या कंपनीचे गुपित जपणारा उमेदवार उद्या आपलेही जपेल, हे नवा मालक ओळखतो.

घराच्या सुरक्षिततेकडेही लक्ष हवे. सराफी पेढीतील मुलामुलींनी तिजोरी, कपाटे, मालाचा साठा किंवा दुकानाची आतली रचना दिसेल असे चित्र कधीही देऊ नये. मोबाइलमध्ये स्थाननोंद चालू असेल, तर छायाचित्रासोबत ते कोठे काढले हेही साठवले जाते; मांडण्यापूर्वी ती नोंद काढून टाकावी. पानावर घरचा पत्ता व नेहमीचा दूरध्वनी क्रमांक न देता नोकरीच्या पत्रव्यवहारासाठी वेगळा ईमेल ठेवावा. पोर्टफोलिओ पाहून येणारा प्रत्येक संदेश खऱ्या कंपनीचा असतोच असे नाही. नोकरी देण्यासाठी आगाऊ रक्कम मागणारा, किंवा अनोळखी फाइल उतरवून घेण्याचा आग्रह धरणारा, बहुधा फसवणारा असतो. परीक्षेच्या नावाखाली आठ-आठ दिवसांचे काम फुकट करून घेणाऱ्यांनाही नम्रपणे नकार द्यावा.

कारागिराचे नाव

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमीअधिक मापांच्या बरोबरीने प्रतिरूपक व्यवहार सांगितला आहे. अस्सल म्हणून बनावट माल देणे, असा त्याचा अर्थ. पोर्टफोलिओच्या जगात याची रूपे नवी आहेत. दुसऱ्याचे आरेखन किंचित रंग बदलून आपले म्हणून मांडणे, शिकवणी वर्गात सर्वांनी मिळून केलेला नमुना एकट्याच्या नावावर दाखवणे, कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करून घेतलेले चित्र हाताने काढल्याचे भासवणे, ही ती रूपे. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेणे हा स्वतः दोष नाही. हिशेबासाठी गणकयंत्र घेतले म्हणून कोणी चोर ठरला नाही. मात्र कोणता भाग यंत्राचा आणि कोणता आपला, हे स्पष्ट लिहावे. मुलाखतीत समोर कागद आणि पेन्सिल ठेवली गेली, तर मालाने वानगीची साक्ष द्यायलाच हवी.

श्रेयाचा आणखी एक धागा आपल्या पेढ्यांत वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिला आहे. हार रेखाटणारी मुलगी असते, परंतु तो घडवणारे हात वेगळे असतात. जडाई एकाने केलेली असते, झिलई दुसऱ्याने. कापडाचा रंग रंगाऱ्याच्या हातचा असतो. त्यांच्या संमतीने 'आरेखन : स्वतः, घडण व जडाई : अमुक कारागीर' अशी एक ओळ लिहिली, तर उमेदवाराचे काहीच उणे होत नाही. उलट अनेकांबरोबर काम करण्याची आणि प्रत्येकाचा वाटा जाणण्याची त्याची वृत्ती दिसते. दुसऱ्याचे असलेले गुण झाकणे हा जर दोष, तर ते उघड करणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

घराची साथ

पोर्टफोलिओ तयार करणे हे मुलामुलींचे काम असले, तरी घराची साथ लागतेच. वडिलांनी दुकानातील कोणती माहिती वापरता येईल आणि कोणती नाही, हे एकदा बसून ठरवून द्यावे. सासऱ्यांनी सुनेच्या नावापुढे 'पेढीचे हिशेब व पत्रव्यवहार, इतकी वर्षे' असे लिहिण्यास मोकळ्या मनाने संमती द्यावी. तिच्या श्रमांना नाव मिळाल्याने पेढीच्या नावाला बाधा येत नाही. आजी-आजोबांनी ते पान एकदा पाहावे आणि त्यातील प्रत्येक ओळ खरी आहे ना, हे विचारावे. त्यांच्यासारखा कठोर आणि प्रेमळ परीक्षक दुसरा मिळणार नाही.

आज नोकरी करणारा मुलगा उद्या स्वतःची पेढी उघडेल, आज अर्ज करणारी सून उद्या दहा जणींना काम देईल. तेव्हा त्यांच्यासमोर कोणीतरी आपली वानगी ठेवील आणि ती पारखण्याची जबाबदारी त्यांच्यावर येईल. स्वतःची वानगी ज्यांनी प्रामाणिकपणे मांडली, त्यांनाच दुसऱ्याची नीट पारखता येते. दुवा, पान, पडदा ही साधने बदलत राहतील. मूठभर दाण्यांवरून गाडीभर धान्याचा सौदा ज्या भरवशावर होत आला, तो भरवसा जपणे मात्र प्रत्येक पिढीच्या हाती आहे.